विश्लेषण : तोंडातले छाले दोन आठवड्यांनंतरही बरे होत नाहीत? खर्ऱ्याच्या नावावर खपून जाणारा ‘पेम्फिगस’ आजार काय आहे?

सावली, मूल, सिंदेवाही असो की वैनगंगेपलीकडचा गडचिरोली जिल्हा. तोंडात छाले आले, तिखट सोसेनासे झाले की कारण सांगायला कुणालाच वेळ लागत नाही. ‘खर्रा कमी कर’ किंवा ‘उष्णता झाली’. बहुतेकांच्या बाबतीत हे बरोबरही असते. मात्र मोजक्या रुग्णांत या फोडांमागे ना खर्रा असतो, ना उष्णता, ना जीवनसत्त्वाची कमतरता. त्यांच्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच तोंडाच्या आतल्या आवरणावर हल्ला करत असते. ‘पेम्फिगस व्हल्गॅरिस’ हे या आजाराचे नाव. उपचार मिळाले नाहीत तर तो जीवघेणा ठरतो. वेळेत ओळखला तर बहुतेक रुग्ण पुन्हा नीट जेवू-बोलू लागतात. हा आजार कसा होतो, कसा ओळखायचा आणि जंगलपट्ट्यातल्या रुग्णाने कुठे जायचे, याविषयी.

पेम्फिगस म्हणजे नेमके काय?

आपली त्वचा आणि तोंडातले मऊ आवरण हे पेशींच्या थरांनी बनलेले असते. या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. लोखंडी पुलाचे भाग जसे रिव्हेटने जोडलेले असतात, तसे पेशींमध्येही सूक्ष्म जोड असतात. त्यांना ‘डेस्मोसोम’ म्हणतात. या जोडात ‘डेस्मोग्लीन’ नावाची प्रथिने असतात. पेम्फिगसमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणा या प्रथिनांनाच परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. जोड सुटतात, पेशी एकमेकींपासून वेगळ्या होतात. मधल्या जागेत पाणी भरते आणि फोड येतो.

हा फोड मजबूत नसतो. भाजल्यावर येणारा फोड काही दिवस टिकतो, पण पेम्फिगसचा फोड तोंडात तासा-दोन तासांतही फुटतो. म्हणून रुग्णाला किंवा डॉक्टरला अनेकदा फोड दिसतच नाही. दिसते ती फक्त लाल, सोललेली, आग होणारी जागा. इथूनच गोंधळ सुरू होतो.

हा संसर्गजन्य आजार नाही. एकाच ताटात जेवल्याने, एकाच ग्लासातून पाणी प्यायल्याने किंवा मुलाचा मुका घेतल्याने तो पसरत नाही. काही विशिष्ट जनुके असलेल्यांमध्ये त्याची शक्यता वाढते, परंतु आई-वडिलांना आहे म्हणून मुलांना होईलच असे नाही. क्वचित पेनिसिलामाइन, कॅप्टोप्रिल यांसारखी काही औषधे आजाराला चालना देतात. त्यामुळे सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे डॉक्टरांना सांगणे गरजेचे असते.

सुरुवात तोंडातूनच का होते?

डेस्मोग्लीनचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे आहेत : क्रमांक १ आणि क्रमांक ३. बाहेरच्या त्वचेत दोन्ही असतात. एक निकामी झाला तरी दुसरा काही प्रमाणात पेशी धरून ठेवतो. तोंडाच्या आतल्या आवरणात मात्र भिस्त मुख्यतः क्रमांक ३ वरच असते. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये प्रतिपिंडे बहुधा याच क्रमांक ३ विरुद्ध आधी तयार होतात. तोंडाला राखीव आधार नसल्याने तिथले जोड सर्वात आधी सुटतात.

पुढे क्रमांक १ विरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली की छाती, पाठ, डोके, काखा, जांघा अशा ठिकाणी त्वचेवर फोड येऊ लागतात. पेम्फिगस व्हल्गॅरिसच्या साधारण ५० ते ७० टक्के रुग्णांत पहिली जखम तोंडातच होते. त्वचेवर फोड येण्याआधी कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने आजार फक्त तोंडात राहतो. निदान करण्याची हीच सर्वात चांगली वेळ असते आणि नेमकी हीच वेळ वाया जाते.

हे प्रतिपिंडांचे कोडे उलगडायला बरीच वर्षे लागली. १९६४ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे अर्नस्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असल्याचे दाखवले. ती नेमकी डेस्मोग्लीन ३ वर हल्ला करतात, हे १९९१ मध्ये मासायुकी अमागाई, जॉन स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले.

हा आजार किती जणांना होतो?

केरळमधील त्रिशूर जिल्ह्यात झालेल्या एका सर्वेक्षणात दर १० लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ४.४ नवे रुग्ण असा अंदाज निघाला होता. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख आणि गडचिरोलीची १० लाख ७२ हजार. त्रिशूरचाच दर इथे लावला तर दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला साधारण १४ नवे रुग्ण होतात. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, फक्त ढोबळ गणित आहे. तरीही आकडा दोन गोष्टी सांगतो. आजार दुर्मीळ आहे, म्हणून गावातल्या डॉक्टरने संपूर्ण कारकिर्दीत तो पाहिला नसेल, हे शक्य आहे. आणि तो इतकाही दुर्मीळ नाही की आपल्या भागात नसेलच.

साधारण ४० ते ६० या वयात तो जास्त दिसतो. भारतात मात्र त्याहून कमी वयाचे रुग्णही बरेच आढळतात. म्हणजे घरातली कमावती किंवा घर सांभाळणारी व्यक्तीच आजारी पडते.

निदानाला उशीर का होतो?

पहिले कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून तयार होणारा हा पदार्थ पूर्व विदर्भात जवळजवळ प्रत्येक पानठेल्यावर मिळतो. त्याने तोंडाची आग होते, तोंड कमी उघडते, पांढरे-लाल चट्टे येतात आणि पुढे कर्करोगही होतो. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू आहे. खर्ऱ्याची भीती खरीच आहे. अडचण अशी की तोंडातल्या प्रत्येक तक्रारीचे खापर त्याच्यावर फुटते. खर्रा खाणारा माणूस स्वतःलाच दोष देत गप्प बसतो आणि न खाणाऱ्या बाईला ‘पोट साफ नसेल’ असे सांगितले जाते.

दुसरे कारण औषधांचे. आधी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, मग तोंडाला लावायचे जेल, मग प्रतिजैविके, मग बुरशीचे औषध. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस जातात. एखाद्या ठिकाणी स्टिरॉइडचे इंजेक्शन मिळते. दोन-चार दिवस आराम पडतो, ‘औषध लागू पडले’ असे वाटते. असर उतरला की फोड पुन्हा हजर. अशा अधूनमधून दिलेल्या स्टिरॉइडमुळे आजाराचे चित्र पुसट होते आणि खरे निदान आणखी लांबते.

तिसरे कारण भीतीचे. त्वचा सोलू लागली की घरात वेगळीच कुजबुज सुरू होते. कुणी देवी म्हणते, कुणी महारोग, कुणी ‘केलेले’ म्हणते. पुजाऱ्याकडे जाणे होते. पेम्फिगस हा कुष्ठरोग नव्हे. कुष्ठरोगात त्वचेच्या चट्ट्याची संवेदना जाते, पेम्फिगसच्या जखमा अतिशय दुखतात. शिवाय कुष्ठरोगही औषधाने पूर्ण बरा होतो, त्यामुळे दोन्हींपैकी काहीही असले तरी लपवण्याचे कारण नाही.

चौथे कारण अंतराचे. सावलीला ग्रामीण रुग्णालय आहे. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली, दुसऱ्या दिशेला मूलमार्गे चंद्रपूर. परंतु बायोप्सी आणि तिच्या विशेष तपासणीसाठी अनेकदा नागपूर गाठावे लागते. ते दीडशे किलोमीटरहून दूर. जाण्या-येण्याचा एक दिवस, रुग्णाची मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी. रोवणीच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात हा दिवस काढणे म्हणजे वर्षाच्या कमाईतून खर्च करणे. म्हणून ‘थोडे थांबून पाहू’ हा निर्णय घेतला जातो.

साधे छाले आणि पेम्फिगस यांत फरक कसा ओळखायचा?

घरी बसून निदान करता येत नाही. पण डॉक्टरकडे कधी जायचे, हे मात्र ठरवता येते.

साधे छाले : लहान, गोल, मध्ये पिवळट-पांढरे आणि कडेला लाल. एक-दोन किंवा चार. बहुतेक ७ ते १४ दिवसांत आपोआप बरे होतात. काही महिन्यांनी परत येऊ शकतात, पण मधल्या काळात तोंड स्वच्छ असते.

बुरशी : दह्यासारखा पांढरा थर. कापसाने पुसला तर निघतो आणि खाली लाल जागा दिसते.

लायकेन प्लॅनस : गालाच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी. दोन्ही बाजूंना साधारण सारखी.

खर्ऱ्याने होणारा फायब्रोसिस : तिखट झोंबते, गाल आतून कडक होतात, तोंड उघडणे हळूहळू कमी होते.

कर्करोग : एकाच जागी न भरणारी जखम, कडा जाड आणि कडक. सुरुवातीला दुखतेच असे नाही, म्हणून जास्त धोका.

पेम्फिगस : गाल, टाळू, ओठांची आतली बाजू, हिरड्या अशा अनेक ठिकाणी वेड्यावाकड्या आकाराची सोललेली जागा. एक भरेपर्यंत दुसरी तयार होते. कडेचे आवरण सैल असते, जेवताना किंवा दात घासताना त्याचा पापुद्रा निघतो. गिळताना दुखते, कधी आवाज बसतो, हिरड्यांतून रक्त येते. नंतर अंगावर पाण्याचे फोड येऊ शकतात.

यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच : तोंडातली कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती तज्ज्ञाला दाखवायची. मग ती कर्करोगाची असो, पेम्फिगसची असो की आणखी कशाची. खर्रा खाणाऱ्यालाही हाच नियम आणि न खाणाऱ्यालाही हाच.

निदान कसे होते?

डॉक्टर प्रथम तोंड आणि त्वचा तपासतात. वरवर चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर बाजूने हलका दाब दिला आणि वरचा थर सरकला, तर संशय वाढतो. रशियन डॉक्टर प्योत्र निकोल्स्की यांनी १८९६ मध्ये हे लक्षण नोंदवले, म्हणून त्याला निकोल्स्की चिन्ह म्हणतात. घरी हा प्रयोग करू नये. त्याने नवी जखम होते.

सर्वात स्वस्त तपासणी म्हणजे झँक स्मिअर. जखमेच्या तळाचा खरवडा काचपट्टीवर घेऊन रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जोड सुटलेल्या गोल पेशी दिसल्या तर दिशा कळते. पण एवढ्यावर निदान पक्के होत नाही.

पक्के निदान बायोप्सीने होते आणि त्यासाठी दोन तुकडे लागतात. पहिला तुकडा नव्या जखमेच्या कडेचा. तो फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वात खालच्या थराच्या पेशी तळाला चिकटून ओळीने उभ्या दिसतात आणि वरचा भाग सुटलेला असतो. दुसरा तुकडा जखमेच्या शेजारच्या, न सोललेल्या भागाचा. तो ‘डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स’ या तपासणीसाठी असतो. यात प्रतिपिंडांना चमकणारा रंग चिकटवतात. पेम्फिगस असेल तर पेशींच्या कडा चमकतात आणि मासे पकडण्याच्या जाळ्यासारखे चित्र दिसते.

इथे एक व्यावहारिक अडचण आहे. हा दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला तर तपासणीसाठी निरुपयोगी होतो. त्यासाठी ‘मिशेल माध्यम’ नावाचा द्रव लागतो. तो नसेल तर साध्या सलाइनमध्ये ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवला तरी चालते. म्हणजे तुकडा जिल्ह्याच्या ठिकाणी काढून नमुना नागपूरला पाठवणे शक्य असते. रुग्णाने किंवा नातेवाइकाने ‘दोन तुकडे घेणार का? दुसरा कशात ठेवणार?’ एवढे विचारले तरी एक फेरी वाचू शकते.

रक्ताच्या एलायझा तपासणीत डेस्मोग्लीन १ आणि ३ विरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण कळते. निदानाला तिची मदत होते आणि पुढे उपचार लागू पडत आहेत का, हे पाहण्यासाठीही ती उपयोगी पडते.

उपचार काय आहेत?

स्टिरॉइड येण्यापूर्वी हा आजार झालेले बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत. सोललेल्या जागेतून पाणी आणि प्रथिने जात, जंतुसंसर्ग रक्तात पसरे. १९५० च्या दशकात स्टिरॉइडचा वापर सुरू झाला आणि चित्र बदलले. आजही उपचाराची सुरुवात बहुधा प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनीच होते. मात्रा वजनावर आणि आजाराच्या तीव्रतेवर ठरते. नवे फोड येणे थांबले की ती पायरीपायरीने कमी करतात.

स्टिरॉइड जास्त काळ घेतल्यास साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. म्हणून सोबत ॲझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट यांसारखी औषधे देतात. त्यामुळे स्टिरॉइड लवकर कमी करता येते. तोंडात लावायची स्टिरॉइडची मलमे आणि गुळण्याही असतात. तोंडातल्या जखमा त्वचेपेक्षा उशिरा भरतात, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे. नाहीतर ‘अंग सुधारले, तोंड नाही’ म्हणून औषध बदलण्याची घाई होते.

या आजाराच्या उपचारात भारताचे स्वतःचे योगदान आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जे. एस. पसरिचा आणि डॉ. रामजी गुप्ता यांनी १९८४ मध्ये डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फमाइड ‘पल्स’ उपचारपद्धती प्रसिद्ध केली. यात दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस डेक्सामेथासोन सलाइनमधून देतात. त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइडही देतात आणि मधल्या दिवसांत त्याची लहान गोळी सुरू राहते. जखमा पूर्ण भरल्यानंतरही हे चक्र आणखी नऊ महिने चालवले जाते, त्यानंतरचे नऊ महिने फक्त गोळी. रोज मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेण्याची गरज कमी झाली. औषधे स्वस्त असल्याने सरकारी रुग्णालयांत ती देता आली. देशभर हजारो रुग्णांना तिचा फायदा झाला. मात्र सायक्लोफॉस्फमाइडमुळे वंध्यत्व येऊ शकते. त्यामुळे मूल हवे असलेल्या तरुण रुग्णांसाठी त्याऐवजी ॲझाथायोप्रिन वापरतात.

नवे औषध कोणते? ते परवडते का?

रिटुक्सिमॅब. मुळात हे रक्ताच्या एका कर्करोगासाठीचे औषध. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी ज्या बी-पेशींपासून बनतात, त्या बी-पेशी ते नष्ट करते. पेम्फिगससाठी साधारणतः एक-एक ग्रॅमचे दोन डोस १५ दिवसांच्या अंतराने शिरेतून देतात.

फ्रान्समध्ये ९० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. रिटुक्सिमॅबसोबत थोड्या काळासाठी स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी कोणत्याही औषधाविना आजारमुक्त होते. केवळ स्टिरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. त्यानंतर जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मध्यम ते तीव्र पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी या औषधाला मान्यता दिली.

भारतात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये याची देशी आवृत्ती बाजारात आणली. आता इतर कंपन्यांचीही उपलब्ध आहे, त्यामुळे किंमत मूळ औषधापेक्षा कमी आहे. तरीही मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी ती मोठीच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपल्या उपचाराचा समावेश होतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड आणि आधार कार्ड दाखवून आधीच विचारावे. रिटुक्सिमॅब मिळाले नाही म्हणजे उपचार नाहीत, असे मुळीच नाही. प्रेडनिसोलोन आणि ॲझाथायोप्रिन ही जुनी, स्वस्त औषधे नियमित घेतली तरी अनेकांचा आजार आटोक्यात राहतो.

जंगलपट्ट्यात उपचारांपूर्वी वेगळी काळजी का?

ही सर्व औषधे रोगप्रतिकारशक्ती दाबतात. शरीरात लपलेला दुसरा आजार असेल तर तो उसळतो. म्हणून उपचारांपूर्वी क्षयरोग, हिपॅटायटिस बी, साखर आणि रक्तदाब यांची तपासणी करतात.

या भागासाठी आणखी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, जंत. बांधीत अनवाणी चिखलात काम करणाऱ्यांच्या पायातून ‘स्ट्राँगिलॉइडिस’ नावाचा जंत शरीरात शिरू शकतो. एरवी तो वर्षानुवर्षे शांत असतो. मोठ्या मात्रेत स्टिरॉइड सुरू झाले की तो झपाट्याने वाढून जिवावर बेतू शकतो. आपण शेतात अनवाणी काम करतो, हे डॉक्टरांना सांगावे.

दुसरी, जी-६-पीडी तपासणी. पेम्फिगसमध्ये कधी कधी डॅप्सोन हे औषधही जोडीला देतात. कुष्ठरोगावर वापरले जाते तेच हे. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांमध्ये त्याने रक्तपेशी फुटतात. ही कमतरता विदर्भातल्या काही आदिवासी समूहांत आढळते. सिकलसेल असल्यास किंवा घरात कुणाला असल्यास तेही सांगावे.

तिसरी, ताप. गडचिरोली हा राज्यातील सर्वाधिक मलेरियाग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. औषधे सुरू असताना ताप आला तर अंगावर काढू नये, त्याच दिवशी रक्त तपासावे.

औषध मध्येच बंद केले तर?

हा सर्वात मोठा धोका. तोंड भरले, जेवण जाऊ लागले की गोळ्या सुटतात. स्टिरॉइड बरेच दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचे नैसर्गिक स्टिरॉइड बनवणे कमी करते. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब एकदम खाली येऊन रुग्ण कोसळू शकतो. शिवाय आजारही उलटतो. गोळ्या संपत आल्या आणि नागपूरला जाणे जमत नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात कागद दाखवून त्या मिळवाव्यात. खंड पडू देऊ नये.

गरोदर असाल किंवा मूल हवे असेल तर आधीच सांगावे. सायक्लोफॉस्फमाइड आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहेत. मुलांना दिल्या जाणाऱ्या काही लसी जिवंत विषाणूंच्या असतात. अशी लस या औषधांवर असलेल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जेवायचे काय आणि तोंड कसे सांभाळायचे?

जखमा असताना पेज, आंबील, मऊ भात, वरण, मऊ उकडलेले अंडे, दूध, केळी असे थंड किंवा कोमट आणि मऊ अन्न चालते. आंबील आंबट लागून झोंबत असेल तर वगळावी. तिखट, चिंच, लिंबू, कडक भाकरी, चिवडा, फुटाणे टाळावेत. प्रथिने कमी पडू देऊ नयेत, कारण जखमा त्यांच्यावरच भरतात. स्टिरॉइड सुरू असेल तर मीठ आणि साखर बेताने. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टर देतात, त्या घ्याव्यात.

दुखते म्हणून दात घासणे बंद करू नये. अस्वच्छ तोंडात जखमा आणखी चिघळतात. लहान मुलांचा मऊ ब्रश वापरावा. राखुंडी, गुल, नस, मिश्री पूर्ण बंद. खर्ऱ्याने पेम्फिगस होतो असा पुरावा नाही, मात्र सोललेल्या तोंडात चुना आणि सुपारी जाणे म्हणजे जखमेवर घासकाम. तो सोडावाच लागतो. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आजाराविषयी आधी सांगावे.

नेमके कुठे जायचे?

पहिली पायरी सावलीचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे आरोग्य केंद्र. तिथून संदर्भपत्र घ्यावे. ते हातात असेल तर पुढच्या रुग्णालयात धावपळ कमी होते. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून तज्ज्ञाचा सल्ला दूरध्वनी-व्हिडीओवर विनामूल्य मिळतो.

दुसरी पायरी जिल्ह्याचे ठिकाण. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीला जिल्हा सामान्य रुग्णालय असून २०२४ मध्ये तिथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

तिसरी पायरी नागपूर किंवा वर्धा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तोंडाच्या जखमेसाठी दंत महाविद्यालयाच्या मुखरोग विभागात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवायचे असते. इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी कोणत्या दिवशी होते, हे फोन करून विचारूनच निघावे.

निघण्याआधी मोबाइलवर तीन कामे करावीत. दिवसाच्या उजेडात तोंडाचे आणि अंगावरच्या फोडांचे फोटो काढावेत, कारण आज दिसणारा फोड उद्या फुटलेला असेल. फोटोवर तारीख राहील असे पाहावे. आतापर्यंत घेतलेल्या प्रत्येक गोळीच्या पाकिटाचा, इंजेक्शनच्या चिठ्ठीचा आणि मलमाच्या ट्यूबचा फोटो काढावा. आणि पहिली जखम कधी झाली ती तारीख लिहून ठेवावी. त्या तारखेपासून चौदा दिवस उलटून गेले असतील, तर आणखी एक जेल आणायला दुकानात न जाता रुग्णालयाची चिठ्ठी काढावी.

(या लेखातील माहिती सर्वसाधारण जागरूकतेसाठी आहे. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करण्याआधी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्या.)